अर्थिंगची तार आणि माझ्यामागची व्यवस्था

आधी काय घडले ते लिहिते. पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

१. गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या थोरल्या भावाच्या बँडचा मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. भाऊ पेडल स्टील गिटार वाजवतो; आम्ही त्या वाद्याला नुसते स्टील म्हणतो. मंचावरचे त्याचे सगळे साहित्य मांडणे, जोडणे आणि तपासणे हे माझे काम होते.

२. मंचावर त्याचे दोन ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, होते, एक जुना आणि एक नवा. दोन्हींना जोडणाऱ्या तारेत मी बनवलेली एक छोटी डबी होती. दोन ॲम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले की त्यांच्या अर्थिंगमुळे स्पीकरमध्ये घरघर शिरते. डबी ती घरघर अडवते. अर्थिंग जसेच्या तसे राहते.

३. दुपारी मी सगळे तपासले. दोन्ही ॲम्पचे अर्थिंग ठीक होते. मग मी सभागृहाच्या मागच्या टोकाला, आवाज सांभाळण्याच्या टेबलाशी गेले.

४. लोक आत येत असताना भावाने डबी काढून ठेवली. घरघर सुरू झाली. त्याने जुन्या ॲम्पचा प्लग उघडला, अर्थिंगची तार कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि प्लग बंद केला. घरघर थांबली.

५. त्यानंतर जुन्या ॲम्पला अर्थिंग मिळत होते ते फक्त नव्या ॲम्पकडे जाणाऱ्या तारेतून. मध्यंतरात भावाने तीही तार काढली. एकच ॲम्प पुरे, असे त्याला वाटले.

६. मध्यंतरानंतर जुन्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले. हे कोणत्याही ॲम्पमध्ये कधीही होऊ शकते. अर्थिंग असते तर फ्यूज उडाला असता आणि गाणे मध्येच थांबले असते, एवढेच. अर्थिंग नव्हते, म्हणून ॲम्पच्या पत्र्यात आणि त्याला जोडलेल्या स्टीलच्या धातूत वीज उतरली.

७. भावाला काही झाले नाही. तो लाकडी बैठकीवर, रबरी तळव्यांच्या बुटांत बसला होता आणि त्याच्यासमोर मायक्रोफोन नव्हता. बँडची गायिका त्याच्या शेजारी उभी होती. तिने नेहमीप्रमाणे डावा हात स्टीलच्या कडेवर टेकवला आणि ओठ मायक्रोफोनला लावले. वीज तिच्यातून मायक्रोफोनच्या अर्थिंगकडे गेली.

८. ती वाचली. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि करंगळीशेजारचे बोट तेव्हापासून मिटत नाहीत.

९. चौकशीत दोष माझ्यावर आला.

आता मृत्युपत्र.

मी, वरच्या हकिकतीतली तंत्रज्ञ, वय एकतीस, अविवाहित, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्या उजव्या कानामागे, कवटीच्या आत एक गाठ आहे. ती येत्या मंगळवारी काढणार आहेत. गाठ ऐकण्याच्या शिरेवर आहे, विचार करण्याच्या जागी नाही, असे सर्जनबाईंनी लेखी दिले आहे. मी त्यांना विचारले, "म्हणजे मी जे लिहीन ते मीच लिहिलं असं धरायचं ना?" त्या म्हणाल्या, "गाठीचं अक्षर एवढं चांगलं नसतं." त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत.

उजवा कान जाणार हे नक्की आहे. बाकीचे टक्क्यांत सांगतात आणि टक्के चांगले आहेत. त्या ट्रान्सफॉर्मरचेही चांगले होते.

मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, जिला मी अंमलबजावणीचे काम देत आहे तिनेच आधी नको म्हटले.

कलम पहिले: अंमलबजावणी

हे काम माझ्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, करेल. ती शिवणकाम करते. लोकांची मापे घेताना ती त्यांना खरे काय ते सांगते, म्हणून तिची गिऱ्हाइके कमी आहेत आणि टिकून आहेत.

हे लिहायचे ठरवले तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर भांडायचं असेल तर आत्ताच भांड की. निदान समोरच्याचं तोंड तरी बघायला मिळेल."

"आत्ता भांडले तर आई रडेल."

"रडू दे. तुझी आई कांदा नसतानाही रडते."

मग तिने मशीनवरचे कापड बाजूला सारले आणि मला लिहायला जागा करून दिली. हे कागद तिच्या शिवणाच्या टेबलावर लिहिले आहेत. कुठे टाचणीची भोके दिसली तर ती खाडाखोड समजू नये.

कलम दुसरे: देह

देह रुग्णालयाला द्यावा. डोके नीट जपून द्यावे, सर्जनबाईंना ते अभ्यासाला हवे असेल. भाषणे करू नयेत.

दादाने काहीही वाजवू नये. त्याला आग्रह होईल. तो आधी नको म्हणेल, मग बैठकीवर बसेल आणि "हे माझ्या मीटरसाठी" असे काहीतरी बोलून डोळे मिटून सुरू करेल. घरात मला मीटर म्हणतात, कारण लहानपणापासून मी ऐकीव गोष्ट मोजून बघितल्याशिवाय मानत नाही. हे नाव त्यानेच ठेवले. "ए मीटर, बघ गं काय झालंय याला," हे वाक्य माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकले असेल. ते माझ्या प्रेतासमोर माइकवर ऐकवले जाऊ नये.

कलम तिसरे: खोली, बचत, हत्यारे

राहती खोली भाड्याची आहे. अनामत परत मिळेल ती आत्याने घ्यावी. घरमालकीणबाई भिंतीवरच्या खिळ्यांबद्दल बोलतील. खिळे माझ्याआधीचे आहेत.

बँकेत जे काही आहे ते गायिकेच्या हाताच्या उपचारांसाठी द्यावे. ही भरपाई नाही. भरपाई चूक करणाऱ्याने द्यायची असते. हे मैत्रिणीने मैत्रिणीला दिलेले आहे. तिला आता ते नाते मान्य नसले तरी कागदावर मी ते असेच लिहिणार.

बाबांचा लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, मी शिकले त्या तंत्रशाळेला द्यावा. तिथे मुलींना अजून लेथ पुसायलाच देतात असे कळले तर आत्याने तो परत आणावा. आत्या ते करेल.

मीटर, सोल्डरिंग आयर्न, पाने आणि पेचकस असलेली पत्र्याची पेटी आत्याची. ती म्हणते, मी याचं काय करू? विकू नकोस, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवणयंत्राची मोटर कधीतरी बिघडेल आणि तेव्हा बोलवायला मी नसेन.

कलम चौथे: आई

आईला मी काही ठेवत नाही. तिला दादा आहे.

हे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. हेच कायम समजावे. मात्र कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील मुलगी कोडगी होती.

अपघातानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लग उघडून पाहिला आणि तो पिशवीत घालून आईच्या घरी नेला. दादा स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पीत होता. मी प्लग ओट्यावर ठेवला.

"हे तू केलंस?"

त्याने प्लगकडे पाहिले. "अगं, घरघर येत होती. लोक आत यायला लागले होते."

"डबी का काढलीस?"

"आवाज कोंडत होता."

"मला हाक मारायची होतीस."

"तू म्हणाली असतीस, डबी घाल. मला ती नको होती." मग त्याने कप खाली ठेवला आणि डोक्याला हात लावला. "मला काय माहीत गं असं होईल? मी तिला स्वतः सांगतो. मला सांगू दे. तू मध्ये पडू नकोस."

त्याचा आवाज तेव्हा फाटला होता. तो खोटे बोलत नव्हता. सांगायचे त्याच्या मनात होते, त्या सकाळी तरी. मी म्हटले, सांग.

आई सिंकपाशी भांडी पुसत होती. तिने हे सगळे ऐकले आहे. उद्या ती म्हणेल की पाणी सुरू होते, ऐकू आले नाही. पाणी सुरू नव्हते.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला बोलावून घेतले. दादा घरात नव्हता. ती म्हणाली, "त्याचं नाव आहे. ते गेलं की तो संपला. तुझं काय, तुझ्या हातात विद्या आहे. तू कुठेही पोट भरशील."

मी विचारले, "आणि माझं नाव?"

"तुझं नाव कोण विचारतंय, बाळा?"

मला दुखवायचे तिच्या मनात नव्हते. तिने 'बाळा' म्हटले आणि माझ्या ताटात वाढले. तिला जे खरे वाटत होते ते ती प्रेमाने सांगत होती. त्यामुळे वरचे वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबला नाही.

कलम पाचवे: मंचावरचे साहित्य

स्टीलचे कलम वेगळे आहे. इथे स्टीलच्या भोवतीचे साहित्य वाटून देते. ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टील हे आडवे, चार पायांवर उभे केलेले, दहा तारांचे वाद्य. डाव्या हातातली पोलादाची कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायचे. डाव्या पायाखाली तीन पेडल, दोन्ही गुडघ्यांना लागतील असे दांडे, आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. माणूस त्यात चहूबाजूंनी अडकलेला असतो. वाजवताना त्याला नाक खाजवता येत नाही. म्हणून त्याच्या आसपासची प्रत्येक वस्तू आधी कोणीतरी जागच्या जागी ठेवलेली असावी लागते. आमच्याकडे ते कोणीतरी मी होते.

बैठक: दादाला द्यावी. आत खण आहे, त्यात जादा तारा आणि कांडी पुसायचे फडके असते. बैठक करकरते, ते त्याने सुराइतके लक्ष देऊन ऐकावे.

आवाजाचे पेडल: दादाला द्यावे. त्यातली दोरी दर सहा महिन्यांनी बदलावी लागते. हे त्याला माहीत नाही. त्याला वाटते की ती टिकते.

नवा ॲम्प: बँडचा आहे. माझा नाही, म्हणून वाटत नाही.

जुना ॲम्प: मी विकत घेतलेला, माझ्या मालकीचा. दादाला द्यावा. जळका ट्रान्सफॉर्मर आत तसाच आहे. दुरुस्त करू नये.

डबी: हिच्याबद्दल जास्त लिहावे लागेल, कारण सगळे हिच्यावरून झाले.

स्टील वाजवणाऱ्यांच्यात एक समजूत आहे की तारेत जितकी साधने कमी तितका सूर मोकळा. एका वयस्कर वादकाने ती दादाच्या डोक्यात भरवली. तेव्हापासून तो माझी डबी हातात घेऊन पाहुण्यांना दाखवायचा. "हे बघा, बहिणीने लावलेलं बूच." लोक हसायचे. मीही एकदोनदा हसले.

एकदा सरावाच्या खोलीत मी त्याला म्हटले, तू वाजव, मी तुझ्या मागे बसून डबी घालते आणि काढते, तू नुसते ओळख. तो डोळे मिटून वाजवत होता आणि सांगत होता. "आत्ता आहे... आत्ता काढलीस... हां, बघ, आत्ता कसा मोकळा झाला!" गायिका माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिने तोंडावर हात दाबून धरला होता, कारण तो मोकळा झाला म्हणाला तेव्हा डबी तारेतच होती. पुढेही त्याची बहुतेक उत्तरे चुकली. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "तुला मोजता येतं गं, ऐकता येत नाही."

डबी गायिकेला द्यावी. त्या सरावाची ती एकटी साक्षीदार आहे.

सभागृहात दुपारनंतर पुन्हा का तपासले नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. तपासून झाल्यावर घरचाच माणूस प्लग उघडून तार कापेल हे धरून चालायचे, तर दर गाण्याला मंचावर चढावे लागेल. ज्याच्या जिवासाठी तपासतो त्याच्यावर तेवढा विश्वास ठेवावाच लागतो. त्याशिवाय हे काम होत नाही.

कलम सहावे: स्टील

हे वाद्य बाबांनी बनवले. ते कारखान्यात टर्नर होते. दादाला तयार वाद्य परवडत नव्हते, म्हणून त्यांनी एका वादकाच्या घरी जाऊन माप घेतले आणि सुट्टीच्या दिवशी लेथवर एकेक भाग काढला. मी त्यांच्या हाताखाली होते. पेडलपासून वर तारांपर्यंत जाणाऱ्या सळ्यांची टोके मी घासली आहेत. दादाने ते वाजवून नाव कमावले हे खरे आहे आणि तो फार चांगला वाजवतो हेही खरे आहे. ते मी या कागदावरही नाकारणार नाही.

बाबांनी शेवटच्या आजारपणात वाद्य माझ्या नावे केले. दादा तेव्हा म्हणाला, "वाजवतो मी आणि मालक ही?" बाबा म्हणाले, "तू हौसेला विकशील. ही अडचणीतही नाही विकायची." दादाने त्यानंतर एक आठवडा सगळ्यांशी बोलणे टाकले. वाद्य मात्र त्याच्याकडेच राहिले. वापरायला असणे आणि मालकीचे असणे यात फरक असतो. आमच्या घरात तो कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही, म्हणून मी इथे लिहिते.

आता चौकशी. ती मंच उभारणाऱ्या कंत्राटदाराच्या कचेरीत झाली. एक साहेब, एक लिहून घेणारा, आम्ही दोघे. आमच्या खुर्च्या इतक्या जवळ होत्या की त्यांचे हात एकमेकांना लागत होते.

साहेबांनी विचारले, "प्लग शेवटचा कोणी उघडला?"

मी म्हटले, "मी नाही. दुपारी तपासलं तेव्हा तार जागेवर होती."

"मग कोणी?"

मी दादाकडे पाहिले. बोलायचे ते त्याने, असे आमचे ठरले होते.

तो म्हणाला, "तारांचं सगळं ही बघते, साहेब. मी आपला वाजवणारा माणूस."

साहेबांनी हसून मान डोलावली. वादकाला व्यवहारातले काही कळत नाही हे लोकांना ऐकायला आवडते. मग मी सांगितले, यानेच कापली. साहेबांनी पेन खाली ठेवले. "बाई, तुमची काळजी समजते. पण भावावर ढकलणं बरं दिसत नाही." दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या उजव्या हाताची नखे बघत होता.

बाहेर जिन्यात तो मला म्हणाला, "माझ्या तोंडून निघून गेलं गं. मी नंतर नीट करतो." गेले वर्षभर ते 'नंतर' सुरू आहे. मधल्या काळात त्याचा दौरा झाला, मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत त्याला अपघाताबद्दल विचारले. तो म्हणाला, "आम्ही सगळे त्यातून शिकलो."

मला कोणी काम देत नाही. गायिकेकडे मी स्वतः गेले होते. तिने दार अर्धे उघडले. मी जे घडले ते सांगितले. ती म्हणाली, "चौकशी झाल्यावर आठवलं तुला?" मी म्हटले, "चौकशीतही सांगितलं." "मग त्यांनी का नाही मानलं?" तिने विचारले. दार लावताना तिला उजव्या हाताने डावा हात बाजूला घ्यावा लागला.

तिची चूक नाही. दोन माणसे एकमेकांकडे बोट दाखवत असली तर जो चांगला वाजवतो त्याचे खरे वाटते. माझा शब्द आता चालत नाही. दादाचा चालतो. म्हणून पुढची अट आहे.

(अ) दादाने आपल्या हाताने लिहून, सही करून, दोन पत्रे द्यावीत. एक गायिकेला, एक कंत्राटदाराला. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: डबी मी काढली, अर्थिंगची तार मी कापली, आणि दोन्ही बहिणीला न सांगता केले. मध्यंतरातल्या तारेचे लिहिले नाही तरी चालेल, त्याला ते कदाचित आठवत नसेल.

(आ) माफी मागू नये. माफी त्याला फार छान मागता येते आणि वाचणारा तीन गोष्टी विसरून जातो.

(इ) पत्रे शेवटच्या विनंतीत दिलेल्या मुदतीत आत्याच्या हातात पडली, तर माझ्यानंतर स्टील कायमचे दादाचे. मी वाचले, तरीही त्याचेच. बक्षीसपत्र तयार आहे, त्यावर माझी सही होईल.

(ई) पत्रे आली नाहीत, तर स्टील गायिकेचे. मी वाचले तरीही.

ही धमकी नव्हे. (ई) ची तयारी मी केली आहे. गायिकेला आता साधी गिटार धरता येत नाही, कारण तारा दाबायला चारही बोटे मिटावी लागतात. स्टीलवर तसे नसते. कांडी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरतात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मागे सरळ पडून राहतात आणि तारांची नको ती झणझण दाबतात. तिची जी दोन बोटे मिटत नाहीत, ती या वाद्यावर मिटायची नसतातच. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ हात तसा धरून बसले होते. दादा उंच आहे, ती नाही. तिच्या उंचीला बसतील अशा आखूड सळ्यांचा आणि पायांचा दुसरा संच मी लेथवर काढला आहे. स्टील दुरुस्तीसाठी सध्या माझ्या खोलीत आहे. दोन्ही संच त्याच्या पेटीत आहेत. कोणता बसवायचा, ते दादाच्या पत्रांवरून आत्या ठरवेल.

आत्याला हे कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे तू त्याच्याकडून खरं विकत घेतेयस."

"हो."

"आणि तो विकेल?"

"माहीत नाही."

"तुला काय हवंय पण? त्याने लिहावं, की त्याने लिहू नये आणि वाद्य त्या मुलीला मिळावं?"

ती माप घेताना विचारते तसेच तिने विचारले, टेप गळ्यात, मान तिरकी. मी सांगितले की वाद्य गायिकेकडे गेले तर मला बरे वाटेल. पण मग तिच्याकडे जे येईल ते माझ्याकडून आलेले असेल, आणि माझ्याबद्दल तिचे मत आहे तेच राहील. ती ते वाद्य घेईल की नाही, हेही सांगता येत नाही. म्हणून मला पत्रे हवी आहेत. स्टील जाऊ दे त्याच्याकडे.

आत्या म्हणाली, "तुझ्या बापाला हे आवडलं नसतं."

"बाबांना तार कापलेलीही आवडली नसती."

तिने मशीन सुरू केले.

एक गोष्ट स्पष्ट करते. मला काम परत मिळावे म्हणून मी हे मागत नाही. एका कानाने आवाजाचे काम करता येत नाही. मंगळवारनंतर मी असेन किंवा नसेन, तंत्रज्ञ नसेन. मी जोवर ते काम केले तोवर नीट केले, एवढेच कुठेतरी लिहिलेले असावे आणि ते माझ्या हातचे नसावे.

कलम सातवे: प्लग

कापलेल्या तारेचा प्लग आत्याकडे आहे. पत्रे आली तर तो तिने फेकून द्यावा. आली नाहीत तर तो जुन्या ॲम्पबरोबर दादाकडे पाठवावा. आईकडे पाठवू नये.

इतर काही राहिले असेल तर ते आत्याने आपल्या समजुतीने वाटावे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

सही: (लिहून देणार, तंत्रज्ञ)

साक्षीदार पहिल्या: (सर्जन)
"लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यापेक्षा जास्त."

साक्षीदार दुसरे: (सुतार, आत्याच्या शेजारचे दुकान)
"सही समोर झाली. मजकूर मी वाचलेला नाही, वाचायची इच्छाही नाही."

स्थळ: आत्याचे शिवणाचे दुकान
दिनांक: गुरुवार, आठ मार्च

या मृत्युपत्राची एक प्रत आज थोरल्या भावाला देत आहे. तिच्यासोबत पुढील विनंती:

दादा,

मला सोमवारी संध्याकाळी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. कलम सहामधली पत्रे तू देणार आहेस की नाही, ते सोमवार, बारा मार्च, दुपारी चारपर्यंत आत्याच्या दुकानात लेखी कळव. 'हो' असेल तर पत्रे सोबतच दे. फोन करू नकोस. आईला पाठवू नकोस. उत्तर आले नाही तर आत्या ते 'नाही' धरेल, (ई) लागू होईल आणि कागद तिथे पुरा होईल. पण 'नाही' असेल तर तेही मला तुझ्या हातचे लिहिलेले हवे आहे.